फड्या निवडुंगाचा माळ

कळंबच्या रंगूबाईचं अर्धं आयुष्य निवडुंग तोडण्यात गेलं. सासऱ्याने, महिपतीने, शेताला कुंपण म्हणून फड्या निवडुंग लावला होता. मोठ्या दुष्काळात काटे जाळून त्याचे फड, म्हणजे जाड चपटी पानं, बैलांना घातले, बैल जगले. त्यामुळे म्हातारा असेपर्यंत निवडुंगाला हात लावायची सोय नव्हती. तोवर कुंपण माळभर पसरलं. मारवेल, पवना ही गवतं गेली, बोरी दबल्या, गाईला पाय टाकायला जागा उरली नाही.

म्हातारा गेल्यावर रंगूबाई दर उन्हाळ्यात कोयता घेऊन भिडायची. तोडलेला फड जिथं पडेल तिथं पावसात पुन्हा रुजायचा. एकदा फड उसळून तोंडावर आला आणि डावा डोळा गेला. तरी पुढच्या उन्हाळ्यात ती माळावर होतीच.

एकोणीसशे चौतीस साली शेतकी खात्याचा माणूस पाटीभर फड घेऊन आला. त्यांवर निवडुंग खाणारा, कापसासारखा पांढरा किडा होता. चिरडला की रक्तासारखा लाल.

"झाडबी परमुलखातलं, किडाबी परमुलखातला," नवरा संभाजी म्हणाला. "उद्या उसावर चढला म्हंजी?"

रंगूबाईने त्या माणसालाच विचारलं, "निवडुंग सरल्यावर ह्यो काय खातो?"

"काय न्हाय बाई. उपाशी मरतो."

"मग द्या हिकडं."

आठ दिवस ती एकटीच चिमट्याने किडके फड माळभर टाकत फिरली. दोन वर्षांत निवडुंग पिवळा पडून कुजला. वास घरापर्यंत यायचा. माळ मोकळा झाला, पण उघडा पडला. पहिल्याच मोठ्या पावसात माती ओढ्याला गेली, निम्म्या माळावर नुसता मुरूम राहिला.

रंगूबाईने मग ओढ्याकाठची मारवेलीची ठोंबं उपटून आणली आणि माती उरली होती तिथं लावली. चार ठिकाणी धरली, बाकी वाळली.

तिसऱ्या वर्षी गवत कापणीला आलं. तिने विळा दोनदा चालवला आणि संभाजीच्या हातात दिला.

"तुमीच कापा आता. कोयता मारून मारून माझा हात गेला."

"थोडंच हाय की गं."

"व्हय, थोडंच हाय," ती म्हणाली आणि बोरीच्या सावलीला जाऊन पडली.