वरंधची घोरपड

नववीत असताना मी एक गुप्त लिपी बनवली होती. 'क'साठी छत्री, 'र'साठी विळा, अशी. पन्नाशी आली तरी रोजनिशी त्याच लिपीत लिहितो, आणि वही महाडच्या आमच्या घरात टीव्हीशेजारी उघडी पडलेली असते. बायकोला वाचता येत नाही, लेकीला येत नाही, याचा मला केवढा गर्व!

यंदा लेकीला बंगळूरची नोकरी मिळाली. जेवताना मी रोज म्हणायचो, "जा गो बिनधास्त, माझी काळजी नको." सकाळी वहीत लिहायचो, "हिने जाऊ नये. त्या लोकांनीच नोकरी मागे घ्यावी."

एकदा चहा पिताना ती म्हणाली, "बाबा, वरंधच्या आत्याच्या घरात घोरपड शिरली. थेट छपरावर चढली! ढोल बडवून, झाडू फेकून हाकलली म्हणे." असली बातमी मी सोडतो होय? शब्दन्‌शब्द वहीत उतरवली.

आठवड्याने बहिणीला फोन लावला. "घोरपड परत आली नाय ना?"

"कसली घोरपड? येडा झालास काय रे? ये इकडं, तुलाच झाडूनं हाकलते!"

लेकीला जाब विचारला. ती लाजलीसुद्धा नाही.

"तुमची वही वाचायची होती. नुसत्या चित्रांवरून लिपी फुटेना. मग माझ्या वाढदिवसाचं पान काढलं. त्यात माझं नाव असणारच, तेवढी अक्षरं सापडली. उरलेल्यांसाठी मला हवं ते तुमच्याकडूनच लिहून घेतलं. ढ, झ, थ, सगळं आलं. कॉलेजात शिकवलंय आम्हाला हे."

"आणि घोरपड?"

"ती माझी," आतून बायको म्हणाली. "माणसांचं सांगितलं तर तुम्ही दोन ओळींत उरकता. म्हटलं, जनावर घाल."

म्हणजे आठ दिवस दोघी माझ्यासमोर भाकरी मोडत होत्या. मी 'जा बिनधास्त' म्हणायचो, त्या मान डोलवायच्या. मी खोटं बोलतोय हे पंगतीत सगळ्यांना ठाऊक, आणि ते त्यांना ठाऊक आहे हे फक्त मला नाही. वाढून घ्यायला मात्र मीच पुढे.

"दगा दिलात मला," मी म्हणालो.

"कुणी कुणाला, बाबा?" ती म्हणाली. "आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय मला. तोंडानं बोलता ते धरू, की वहीतलं?"

माझ्या तोंडून ना 'जा' निघेना, ना 'राहा'.

मग ती म्हणाली, "तोंडाचंच धरते," आणि माझ्यादेखत फोनवरून होकार पाठवून टाकला.