सिंहासनाची आतली बाजू

सोलापुरात कंपनीचा शेवटचा प्रयोग झाला ते साल चौतीस. बोलपट येऊन तीन वर्षं झाली होती आणि नाटकाच्या तंबूत पहिल्या दोन रांगा सोडल्या तर खुर्च्याच खुर्च्यांकडे बघत बसायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी सगळ्यांना रंगमंचावर बोलावलं. रडले नाहीत, भाषण केलं नाही. एवढंच म्हणाले, "ज्याला जे हवं ते न्या. माझ्या देखत न्या, म्हणजे मला बरं वाटेल."

राजाची कामं करणाऱ्या राजपार्टीनं तलवार घेतली. गाणाऱ्यानं पेटी घेतली. कुणी शेले घेतले, कुणी गॅसबत्त्या. सगळ्यांचं झाल्यावर मागं उभा असलेला हिंदुराव सुतार पुढं आला आणि म्हणाला, "मालक, मला सिंहासन."

सगळे हसले. हिंदुरावाला सिंहासन कशाला? सतरा वर्षं त्यानं ते विंगेतून आत नेलं होतं आणि अंक पडला की बाहेर आणलं होतं. हातांना सिंह, पाठीला मोराचा पिसारा, सगळीकडे बेगड आणि आरसे. पण प्रयोगावाचून त्यावर कुणी टेकायचं नाही अशी कंपनीची रीत. उचलणारा माणूस त्यावर कधी बसला नव्हता.

मालक मात्र हसले नाहीत. "ने," म्हणाले.

सिंहासन बजाबाईसाठी होतं. बजाबाई म्हणजे हिंदुरावाची बायको. करकंबला दिराच्या शेजारी दोन खणांच्या घरात राहायची आणि वाटणीचं रान बघायची. हिंदुराव कंपनीबरोबर आज नागपूर तर उद्या बेळगाव. वर्षातून एकदा चार दिवस घरी यायचा, येताना सोलापुरी लुगडं आणायचा आणि पाचव्या दिवशी निघून जायचा. लेकीच्या लग्नात अक्षता पडल्या तेव्हाही तो नागपुरात तिसऱ्या अंकाचा महाल उभा करत होता. मागच्या खेपेला निघताना बजाबाई उंबऱ्यात उभी राहून शांतपणे म्हणाली होती, "आता निरोपावर यायची न्हाय मी कुटं. न्यायला या. मग मला वाटलं तर यीन, न्हाय वाटलं तर न्हाय. पर एकदाच इचारायचं."

एकदाच. हा शब्द हिंदुरावाच्या छातीत खिळ्यासारखा बसला होता. आता त्याला बोलपटाच्याच थेटरात खुर्च्या दुरुस्त करायची कायमची नोकरी लागली होती. साखर पेठेत एक खोली मिळाली होती. उरलेलं आयुष्य एका जागी काढायचं होतं, आणि ते तिच्याबरोबर काढायचं की तिच्यावाचून, हे त्या एका विचारण्यावर ठरणार होतं.

मग विचारायचं तर कसं विचारायचं? सतरा वर्षं राण्यांचे प्रवेश बघितलेल्या माणसाला रिकाम्या हातानं जाऊन दारात उभं राहणं सुचेल कसं?

एका कापूस व्यापाऱ्याच्या वखारीत लढाईच्या काळातली एक मोटारसायकल गंजत पडली होती. शेजारी जोडगाडीचा, म्हणजे बाजूला माणूस बसवायच्या साइडकारचा, नुसता लोखंडी सांगाडा आणि त्याचं एक चाक. वर बसायचं खोकं कधीच मोडून गेलं होतं. वखारीचे दरवाजे दुरुस्त करून द्यायचे आणि त्याच्या बदल्यात हे भंगार उचलायचं, असं ठरलं. खोलीपुढच्या अंगणात ते आलं तेव्हा शेजारचा रेवणप्पा बघायला आला. रेवणप्पा गिरणीत फिटर. घरात कानडी, बाहेर मराठी आणि यंत्राशी बोलताना दोन्ही.

"अय्यो हिंदुराव, हे काय आणलं? ह्याला गाडी म्हणू का गाडीचं भूत?"

"तू भुतात जीव घाल. कपडे मी चढवतो."

तीन महिने दोघं राबले. गिरणीचा भोंगा झाला की रेवणप्पा यायचा आणि इंजिन उघडून बसायचा. मागचं चाक फिरवणाऱ्या तुटलेल्या चामडी पट्ट्याच्या जागी गिरणीतला टाकाऊ पट्टा कापून, दोन्ही टोकं तासून, वादीनं शिवून बसवला. हिंदुरावाचा गुडघा कधीतरी माळ्यावरून पडून अधू झालेला, त्यामुळं बैठक कापून चार बोटं खाली घेतली, म्हणजे दोन्ही पाय जमिनीला टेकायचे. हँडल नळीचं नवं केलं, लांब आणि मागं वळलेलं, खिलारी बैलाच्या शिंगांसारखं. चाकावरची झाकणं तेलाच्या डब्यांच्या पत्र्याची. टाकीला तांबडा तेली रंग आणि कडेला पिवळी रेघ. नवं विकत आणलेलं फार काही नव्हतं.

आणि जोडगाडीच्या सांगाड्यावर सिंहासन.

ते नुसतं ठेवून चालणार नव्हतं. भोवती फळ्यांचं नावेसारखं खोकं बांधलं, वर उन्हाला आडोसा म्हणून, सिंहासनाला गुंडाळून आलेल्या नाटकातल्या वनाच्या पडद्याचा तुकडा ताणला. बाहेरून हंस काढले, कमळं काढली, बेगड लावली. एकेका पिसाला दोन दोन दिवस. पेठेतली तेलुगू विणकर मंडळी जाता-येता थांबायची, मान डोलवायची. हिंदुराव कामात दंग, पण पाठीला डोळे असल्यासारखी ती दाद त्याला कळायची. सतरा वर्षं टाळ्या नटांना पडल्या. ह्या त्याच्या होत्या.

रेवणप्पानं एकदा आत वाकून बघितलं. "आतनं काय लावणार?"

"आतनं कोण बघतंय?" हिंदुराव हंसाचा डोळा रंगवत म्हणाला.

रेवणप्पा हात पुसत राहिला. मग पुन्हा इंजिनाकडं वळला.

दिवाळी झाल्यावर एका पहाटे हिंदुराव निघाला. मोहोळपर्यंत गाडी झकास चालली. पुढं दोनदा पट्टा घसरला, दोनदा त्यानं पट्टा धरून राहावा म्हणून रेवणप्पानं दिलेली राळ लावली. मोडनिंबच्या पुढं शेरडं रस्ता सोडून पळाली आणि धनगरानं मनापासून शिव्या दिल्या. उन्हं कलायला लागली तेव्हा करकंब आलं.

बाजाराचा दिवस होता. अर्धं गाव गाडीमागं. घरापुढं त्यानं गाडी वळवली ती बरोबर बेतानं, हंसांची बाजू गर्दीकडं येईल अशी. उतरला, फेटा सारखा केला. माणसं म्हणाली, "आरं तिच्या! देवाचा रथ हाय का काय!" एका म्हाताऱ्यानं सिंहाला हात लावून नमस्कार केला. हिंदुरावाला वाटलं, पडदा वर गेला.

बजाबाई भाकरी थापता थापता बाहेर आली. हात पिठानं भरलेले. तिनं गर्दीकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. गर्दीच्या बाजूला ती आलीच नाही. गाडीला वळसा घालून ती पलीकडच्या अंगाला गेली, जिथं कुणी उभं नव्हतं. मोटारसायकलच्या बैठकीवर हात टेकून तिनं आत वाकून बघितलं.

आत कोऱ्या फळ्या होत्या. बाहेरच्या बेगडीला ठोकलेल्या चुकांची, बारीक खिळ्यांची, टोकं आत आली होती. सिंहासनाची पाठ वरच्या अंगाला मोर होती, पण राजाच्या अंगानं झाकली जायची तिथं नुसतं गोणपाट होतं, आणि बसणारीच्या पाठीला तेच लागणार होतं. डोक्यावरच्या वनाला वरून झाडं होती, खालून चिकटवलेल्या जुन्या वर्तमानपत्रांच्या पट्ट्या. तिचा पदर एका चुकेला अडकला. तिनं तो हलकेच सोडवला.

"लई चांगली झालीया," ती म्हणाली. "कुनासाठी केलीया?"

"म्हंजे? तुज्यासाठी की. तुला न्यायला आलोय."

"माज्यासाठी?" ती तितक्याच शांतपणे म्हणाली. "मग मी बसनार तितं गोनपाट, आन् ज्यांस्नी बसायचं न्हाय त्यांस्नी हंस, असं का वो?"

गर्दीत कुणी खाकरलं. हिंदुरावानं वाकून आत बघितलं. सतरा वर्षं त्यानं जे जे बांधलं त्याला एकच बाजू होती. महालाला मागं बांबू, देवळाला मागं टेकू. समोरून दिसतं ते रंगवायचं, बाकीचं तसंच सोडायचं, हे त्याच्या हातांना इतकं सवयीचं झालं होतं की आत माणूस बसणार आहे, तो माणूस बजा आहे, हे त्या हातांना आठवलंच नाही.

"चला, भाकरी निवतीया," ती म्हणाली आणि आत गेली.

जेवताना त्यानं पहिल्यांदा ते घर नीट बघितलं. बाहेरून मातीची साधी भिंत. आत मात्र भिंती हात फिरवून गुळगुळीत केलेल्या, कोनाड्याभोवती चुन्याची नक्षी, उतरंडीच्या मडक्यांना एकेक बारीक फूल. हे सगळं ज्यानं बघायला हवं होतं, तो गावोगाव महाल उभे करत होता. 'न्यायला आलोय' म्हणून विचारायचं ते त्यानं विचारून टाकलं होतं, ते धड विचारलंच गेलं नव्हतं, आणि दुसऱ्यांदा विचारायची सोय नव्हती.

सकाळी त्यानं हत्यारं काढली.

चार दिवस गेले, पाचवा उजाडला. दरवेळी पाचव्या दिवशी तो निघून जायचा. दारात येऊन बजाबाईनं बघितलं, तर हा गाडीत शिरून उपडा पडून चुका वाकवत होता.

"थेटरात खुर्च्या कोन ठोकतंय?"

"रेवणप्पाला सांगावा धाडलाय. खुर्च्या थांबत्यात."

"बाया बी थांबत्यात म्हना," ती म्हणाली. पण त्या दिवशी ती चहाचा पेला घेऊन गाडीपाशी बसली. लेकीच्या लग्नात मांडवाचा खांब कलला होता, तो कुणी धरला, हे तिनं सांगितलं. वरमाय कशी रुसली, मग कशी खुलली, तेही सांगितलं. तो फळी तासत ऐकत राहिला. सातव्या दिवशी फळ्या आतून तळहातासारख्या झाल्या. आता वर काय लावायचं? हिंदुराव म्हणाला, "पंढरपूरला जाऊन मखमल बघतो."

"ऱ्हाऊ द्या." ती आतून पेटी ओढत घेऊन आली. झाकण उघडलं. आत लुगडी होती. दरसाल एक, त्यानंच आणलेली, घडी न मोडलेली. मधे कडुलिंबाचा पाला घातलेला.

"एक बी नेसली न्हाईस?"

"नेसून कुनाला दावू? तुमी तर आगगाडीत बसलेलं असायचा." तिनं वरचं लुगडं उचललं, उलगडलं आणि दातानं टोक धरून मधोमध फाडलं. त्या आवाजानं हिंदुरावाच्या अंगावर काटा आला. "धरा हिकडनं. आतनं लावू. निदान मी तरी बघीन."

दोघांनी मिळून अस्तर लावलं. ती टाके घालत होती, तो बारीक चुका ठोकत होता. बसायच्या जागी तिनं वाकळ शिवून घातली. डोक्यावरच्या वर्तमानपत्रांवर निळं लुगडं ताणलं.

अकराव्या दिवशी सकाळी काम संपलं. गल्लीत कुणी नव्हतं. हिंदुराव बाजूला उभा राहिला. विचारायचा हक्क संपला होता, म्हणून तो विचारत नव्हता.

"आदी तुमी बसा," ती म्हणाली.

"मी? सिंहासनावर?"

"बसा की. बसल्याबिगर काय कळतंय?"

सतरा वर्षं उचललेल्या सिंहासनावर तो पहिल्यांदा टेकला. तिथून हंस दिसत नव्हते, कमळं दिसत नव्हती. दिसत होतं ते तांबड्या काठाचं लुगडं, तिचे टाके, आणि उभी असलेली ती. तो बराच वेळ उठला नाही. उठला तेव्हा फेट्याच्या शेवानं तोंड पुसलं.

बजाबाई आत गेली. परत आली ती नवं लुगडं नेसून. पेटीतलं एक तिनं राखून ठेवलं होतं. हातात गाठोडं. दिराला हाक मारून सांगितलं, "भाऊजी, म्हशीकडं बघा. मी सोलापूर बघून येते." मग नवऱ्याला म्हणाली, "ऱ्हायाचं का न्हाय ते तितं ठरवीन."

मोहोळला पाणी प्यायला थांबले तेव्हा हिंदुरावाला एकदम काहीतरी आठवलं. तांब्या खाली ठेवून तो गाडीला टेकला.

"काय वो? पट्टा तुटला का?"

"न्हाय. बजा, एक सांगायचंय. खोलीचं दार मी रंगिवलंय. चौकटीला मोर काढल्यात, अंगणात तुळशीकट्टा केलाय." त्यानं हँडलवरची धूळ पुसली. "आतल्या भिंती तशाच हायती."

बजाबाईनं पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले तेव्हा त्याला कळलं की ती हसते आहे.

"मला वाटलंच हुतं," ती म्हणाली. "त्ये समोरचं दुकान उघडं दिसतंय. चुना घ्या, आन् कुंचला दोन घ्या. मी एकटी लावनार न्हाय."