सिंकखालचं कपाट

सुताराचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागायचं. सगळे त्याला दणकाच म्हणायचे. एका गिऱ्हाइकानं त्याच्या नव्याकोऱ्या कपाटाच्या प्लायला पुठ्ठा म्हटलं होतं. यानं तिथल्या तिथे हातोड्यानं ते कपाट फोडलं, फळ्या दारात रचल्या आणि म्हणाला, घ्या, जाडी मोजा. घरातही हा हात आवरत नव्हता. बायकोला डाव्या कानानं कमी ऐकू यायचं, ते त्याच्याच एका थपडेनं. विषय निघाला की दणका म्हणायचा, तिच्या घराण्यातच बहिरेपण आहे. कारागीर अव्वल होता, माणूस म्हणून मात्र धड नव्हता, आणि हे लपवून त्याची गोष्ट सांगण्यात काही अर्थ नाही.

अलीकडे त्याला एक नवं काम मिळायला लागलं होतं. लहान मुलं असलेल्या घरांतून बोलावणी यायची, स्वयंपाकघरातल्या खालच्या कपाटांना चाइल्ड लॉक बसवा म्हणून. दाराच्या आतून एक आकडा बसवायचा. दार दोन बोटं उघडतं आणि अडतं. मोठ्या माणसानं फटीत बोट घालून आकडा दाबला की सुटतं. काम एवढंसं, पण दणका ते जीव तोडून करायचा. आधी फरशीवर पालथा पडून पोराच्या उंचीवरून सगळं स्वयंपाकघर न्याहाळायचा. कुठे सुरी, कुठे फिनेल, कुठे काचेची बरणी. लॉक बसलं की दारावर तुटून पडायचा. एक पाय शेजारच्या दाराला लावून, दोन्ही हातांनी, दात-ओठ खात, तीस वेळा हिसके द्यायचा. पोरांचा हट्ट याहून वाईट असतो, असं म्हणायचा. या एका कामात त्याचा राग सत्कारणी लागत होता.

त्या दिवशी बोलावलं होतं एका चष्मेवाल्यानं. चौकात त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. इस्त्रीचा शर्ट, हळू बोलणं, समोरच्याला अहो-जाहो. घरात बायको आणि चार वर्षांची मुलगी. सिंकखालचं कपाट आधी करा मिस्त्री, असं त्यानं दोनदा बजावलं. पोरगी सारखी तिथेच घुसते, एक दिवस काहीतरी पिऊन बसेल.

दणक्यानं कपाट उघडलं तर आत प्यायला काही नव्हतंच. फिनेल, साबण, सगळं कुणीतरी आधीच वरच्या फळीवर नेऊन ठेवलं होतं. तळाला चादरीची घडी, एक लहान उशी आणि एकच मोजा. ज्या कपाटात विष नाही त्याला लॉक कशाला, हे मनात आलं त्याच्या. पण सांगितलं तेवढं काम करावं, अशी त्याची रीत. त्यानं चादर-उशी काढून बाजूला टाकली आणि आकडा ठोकला. मुलगी दारात उभी राहून बघत होती.

"मग मी कुठे बसू?" तिनं विचारलं.

दणका हसला. खुर्च्या काय कमी आहेत घरात, म्हणाला. मुलीची आई ओट्याशी उभी होती, तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तीस हिसक्यांत दार दोन बोटांपलीकडे हललं नाही. शेवटच्या कपाटाला एक आकडा कमी पडला होता, तो उद्या दुपारी लावतो, असं सांगून तो गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घराचं दार नुसतंच लोटलेलं होतं. आतून भांडी पडल्याचा आवाज आला, मग काहीतरी मऊ आपटल्याचा. दणका आत शिरला. चष्मेवाल्यानं बायकोची वेणी मनगटाला गुंडाळली होती आणि तो तिचं कपाळ ओट्याच्या कडेवर आपटत होता. ओरडत नव्हता, शिव्या देत नव्हता. एकदा, मग थांबून पुन्हा एकदा. रक्त सिंकमध्ये ओघळत होतं. आणि खाली ती मुलगी दोन्ही हातांनी सिंकखालचं दार ओढत होती, एक पाय शेजारच्या दाराला लावून. दार दोन बोटं उघडायचं आणि अडायचं. दणक्याच्या कामात खोट नव्हती.

त्याला आता कळलं की उशी कशासाठी होती. त्यानं पिशवीतून हातोडा काढला.

पहिला घाव वेणीवाल्या मनगटावर बसला आणि हाड मोडल्याचं साफ ऐकू आलं. चष्मेवाला खाली बसला. दणक्यानं त्याला कॉलर धरून उठवलं आणि तोंडावर बुक्की मारली, दात हलले असतील. मग पोटात लाथ, मग परत. माणूस आडवा झाला, मारणं तरी थांबेना. खरं सांगायचं तर दणक्याला बरं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा योग्य माणूस हाताखाली आला होता. शेवटी त्या बाईनंच त्याचा दंड धरला आणि पुरे म्हणाली. चष्मेवाला मोडका हात छातीशी धरून धडपडत जिना उतरला.

दणक्यानं फटीत बोट घालून आकडा दाबला आणि पटाशी लावून मुळासकट उपटला. मुलगी क्षणात आत गेली आणि तिनं दार ओढून घेतलं. बाईनं भावाला फोन लावला, लगेच ये म्हणाली, आणि कपाळावर टॉवेल दाबून फरशीवर बसली.

दणका फरशीवर पालथा पडला, त्याच्या कामाच्या सवयीनं. बाळा, गेला तो, असं हळू आवाजात म्हणाला. मी मारलं त्याला, आता तो येत नाही, ये बाहेर. आतून दार आणखी घट्ट ओढलं गेलं. त्यानं दारावर हात ठेवला. हातावर रक्त होतं, दाराला लागलं. त्यानं पुन्हा समजावलं, हातोडा लांब सरकवला, आवाज आणखी मऊ केला. आत ती अंगाचं मुटकुळं करून दार दोन्ही हातांनी धरून बसली होती.

"मिस्त्री," मुलीची आई म्हणाली, "तुम्ही जा आता. तुम्ही इथे आहात तोवर ती बाहेर यायची नाही."