गोकुळच्या निऱ्या

शुक्रवार, १४ फेब्रुवारी २०२५. ऊन वाढलं. नळाला पाणी नाही. गोकुळच्या चौकशीला करमाडची माणसं येऊन गेली.

एवढं लिहून सुलेखाताईंनी पेन खाली ठेवलं.

गोकुळ त्यांचा भाडेकरू, गारखेड्यातल्या घरात वरच्या खोलीत राहणारा. तो कामाला होता तो चिकलठाण्याचा कारखाना बंद पडला, त्याच वर्षी आई अंथरुणाला खिळली, आणि लग्नात नवरीला नऊवारी नेसवायचं आईचं काम त्यानं उचललं. आई गेली, काम राहिलं. लग्नसराईत जालना रस्त्यावरची मंगल कार्यालयं त्याला सोडत नाहीत. नवरीच्या खोलीत पुरुषाला मज्जाव, पण गोकुळला बायाच आत ओढतात. "ये रे, तू काय, आमच्यातलाच!" तिथं तो हसतो आणि घरी येऊन चिडतो. "आजी, मी गडी नाही का?"

आता कुठं स्थळ जुळत आलं होतं. पोरीला तो पसंत होता, त्याला ती. उरली होती शेजारपाजारची चौकशी. मुलीचे काका रामकिसन आणि आत्या साळूबाई नेमके ताईंच्याच दारात आले.

"आजी, पोरगं कसं हाय?"

"सोन्यासारखं! आईचं सगळं अंथरुणात केलं. स्वतः भाकऱ्या थापतो, मलाही रोज एक आणून देतो."

"भाकऱ्या थापतो?" साळूबाईंनी भावाकडं पाहिलं.

"दारू नाही, तंबाखू नाही. समोर नवऱ्या उभ्या असतात, पण नजर कधी निऱ्यांच्या वर जात नाही."

"कधीच नाय?"

"कधीच नाही हो!"

रामकिसननं चपलेत पाय घातले. "मंग राहू द्या. आमच्या पोरीला नवरा पाहिजे, मैत्रीण नाय."

"अहो, नजर वाईट असती तर दिली असती का मुलगी?"

"तसं कसं देऊ?" साळूबाईंनी पदर तोंडाला लावला. "पण आजी, गडी म्हणल्यावर थोडं तरी..."

आणि दोघं गेली. ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. खरं बोलावं, कुणाचं वाईट होत नाही, हे कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी हातावर छड्या मारून शिकवलं होतं. हेच गुण एखाद्या मुलीचे सांगितले असते, तर याच माणसांनी उंबऱ्यातच साखर वाटली असती!

गोकुळ आला. त्याला फोनवर नकार कळला होता.

"काय सांगितलंत, आजी?"

"खरं तेच."

"एखादं खोटं सांगायचं होतं की. पोरी फिरवतो म्हणायचं. लगेच होकार आला असता."

तो जिना चढून गेला. वर दार आदळलं.

दिवेलागणीला ताईंनी पुन्हा पेन उचललं. लिहिलं: आज वरून भाकरी आली नाही. सकाळचा भात फोडणीला टाकला.