एका रनने

गराज आवरताना मुलीचा जुना बेसबॉल ग्लोव्ह सापडला. चामड्याच्या आणि तेलाच्या वासाने मला थेट इथल्या स्कोफिल्ड्स उपनगरातल्या मैदानावर नेलं.

सीझनची सुरुवात होती आणि तिची टीम प्रत्येक मॅच एका रनने हरत होती. "आजही हरलो तर मी सोडणार," असं नऊ वर्षांच्या सईने गाडीतच बजावलं होतं. शेवटच्या रनसाठी तीच धावत आली, बॅट टाकायची विसरून, ती हातात घेऊनच. आम्ही क्रिकेटवर वाढलेले सगळे बाबा ओरडलो, "बॅट टेकव!" तिने टेकवली. पण बेसबॉलमध्ये रन पूर्ण करायला जमिनीतल्या प्लेटला अंग लागावं लागतं, बॅट चालत नाही. आउट.

बाबालोकांचं चर्चासत्र लगेच भरलं. मीही विद्वत्ता पाजळली, "सुरुवातीच्या अशा हारींनी काही बिघडत नाही. पुढे कुणाला आठवणारसुद्धा नाहीत."

"आय विल रिमेंबर, बाबा," सई म्हणाली. बॅट माझ्या हातात कोंबून ती रिकाम्या मैदानात गेली, तिसऱ्या बेसवरून धावली, घसरत आली आणि तिने प्लेटवर तळहात आपटला. उठून परत गेली. पुन्हा धावली. लाल धूळ उन्हात तरंगत राहिली.

सोडायचा विषय नंतर निघालाच नाही. टीम त्या वर्षी कितवी आली, आठवत नाही. तेव्हा मला तो नुसता हट्ट वाटला होता. त्यानंतर मी पुष्कळ सोहळे पाहिले, पण मानाने उभं राहावं असा तो एकच होता, हे आज कळतं.