हवेतलं दीड फूट

बदलापूर गावातल्या आमच्या शेताच्या बांधावरचा दगड चुलतभावाने पाच पावलं आमच्या बाजूला सरकवला, तेव्हा वडिलांना जाऊन महिना झाला होता. अशा दगडाखाली नांगराचा जुना फाळ पुरायची आमच्याकडे रीत आहे. आमच्या फाळावर वडिलांनी छिन्नीने तीन खाचा पाडल्या होत्या. भावाने तो उकरायचे कष्ट घेतले नाहीत. अंबरनाथ एमआयडीसीतून भराव आणून सगळी जमीन सपाट केली. मग जुनी जागा त्यालाही दाखवता आली नसती. त्याच्या वडिलांना, म्हणजे माझ्या काकांना विचारलं, तर त्यांना आठवत नव्हतं.

मी उल्हासनगरला कॅम्प पाचमधून मेटल डिटेक्टर आणला. दुकानदाराने पान्हा हवेत धरला. दीड फुटावरून मशीन किंचाळलं. जमिनीत याहून खोल जाईल, असं तो म्हणाला. मी शिकलेला माणूस, मला पटलं.

शेतात ते पावलापावलाला वाजत होतं. भरावात लोखंडाचा कीस, बोल्ट, तारा. भाऊ खुर्ची टाकून चहा पीत बसला होता.

"काय पंडित, गावला का खजिना?"

घरी अंगणात दुसरा फाळ पुरून पाहिला. चार बोटं खोल असेतो मशीन बोललं, वीतभर खाली गेल्यावर मुकं झालं. मी परत दुकानात गेलो आणि दोन गिऱ्हाइकांसमोर दुकानदाराला त्याचाच पान्हा कुंडीत पुरायला लावला. मशीन गप्प. गिऱ्हाइकं निघून गेली. बरं वाटलं, पण ती नुसती तालीम होती.

पुढच्या महिन्यात भावाने त्याच पाच पावलांच्या पट्ट्यात गेटचं भूमिपूजन काढलं. फेटे, माइक, पाहुण्यांच्या खुर्चीत काका. खांबासाठी जेसीबीने भराव उपसून खालची काळी माती उघडी केली होती. मी मशीन घेऊन खड्ड्यात उतरलो. ते एकदाच वाजलं, लांब. चार बोटं माती हाताने काढली आणि फाळ काकांच्या मांडीवर ठेवला.

"भंगार आहे ते," भाऊ म्हणाला.

काकांनी खाचांवरून अंगठा फिरवला. सगळं गाव बघत होतं.

"आपलाच हाय. मीच धरला होता, ह्याच्या बापानं खाचा ठोकल्या."

मी गुरुजींना म्हटलं, मुहूर्त वाया घालवू नका. सरकवलेला दगड उचलून फाळाच्या जागी परत बसवला, आणि नारळ भावाच्या हातूनच फोडून घेतला.