ढमढम आणि बूटवाली

ढमढमचं आणि बूटवालीचं काहीतरी आहे, अशी कुजबुज स्केटिंगच्या हॉलमध्ये वर्षभर चालली होती. कॅन्टीनवाला तर शपथेवर सांगायचा. गुरुवारी हॉल बंद असतो, तरी ही दोघं मागच्या सामानाच्या खोलीत शिरतात, दार लावून घेतात आणि दोन तास आतून नुसतं धप्-धप् ऐकू येतं. “वर एकमेकांना भाऊ आणि ताई म्हणतात,” तो डोळा मारून म्हणायचा, “तिथेच तर पाणी मुरतंय!”

ढमढम म्हणजे हॉलचा डीजे. वय अठ्ठावन्न. तीस वर्षं तो काचेच्या खोक्यात उभा राहून दोन टर्नटेबलांवर तबकड्या फिरवत आला आणि खाली लोक चाकांवर गोल गोल फिरत आले. आता कंबरेचा पार भुगा झाला होता. लोकांना नाचवणाऱ्या या माणसाइतका दमलेला चेहरा अख्ख्या हॉलमध्ये दुसरा सापडला नसता. त्याला घरी बसायचं होतं. पण मालकाने साफ सांगितलं होतं, “तू गेलास की मशीन बसवतो. बटण दाबलं की झालं.”

आपल्या जागी बटण येणार, हे काही ढमढमच्या घशाखाली उतरेना. म्हणून त्याने बूटवालीला हेरलं. ती दाराशी बसून चाकांचे बूट भाड्याने द्यायची, दिवसभर वाकून लोकांच्या नाड्या बांधायची, आणि याने ठेका जरा बदलला की नेमकी मान वर करायची.

“हे हाऊस,” गुरुवारी खोलीत तबकडी लावून, खुर्चीवर रेलून, डोळे मिटून तो तिला नाचाच्या संगीताचा एकेक प्रकार सांगायचा. “मिनिटाला एकशेवीस-पंचवीस ठोके. एक-दोन-तीन-चार, चारही सारखे.”

“म्हणजे सात नंबरचा बूट. निम्म्या गावाला होतो.”

“हे टेक्नो. ठोका तसाच, जरा जलद, पण गाणंबिणं गाळलेलं. नुसती यंत्रं.”

“नवा कोरा बूट. आधी चावतो, मग काढवत नाही.”

ट्रान्समध्ये सूर चढत जातो, मध्येच ठोका गायब होतो, सगळे श्वास धरतात आणि मग तो धाडकन परत येतो. “नाड्या बांधत बसायचं, बांधत बसायचं, आणि एकदम सुटायचं!” ती हसली. ड्रम अँड बेसमध्ये वरचे ड्रम मोडून-तोडून एकशेसत्तरच्या वेगाने पळतात, खालचा खर्जातला बेस मात्र निवांत. “पोरगं नाड्या न बांधताच पळालंय, आई मागून सावकाश येतेय.” डबस्टेपचा बेस गुरगुरतो, मोजायला गेलं तर एकशेचाळीस, पण अंग निम्म्यानेच डुलतं. इथे ती जरा अडली. “एका पायात बूट आहे, दुसऱ्यात नाही,” शेवटी म्हणाली.

ढमढमने डोळे उघडले. “ताई, तीस वर्षांत मला हे असं सांगता आलं नाही.”

“तुम्ही कधी कुणाच्या पायाशी वाकला नाहीत ना, भाऊ.”

एका रविवारी दुपारी, हॉल भरलेला असताना, तो मालकाला म्हणाला, “आज माझी कंबर धरलीय. ही वाजवेल.” मालक हाताची घडी घालून काचेबाहेर उभा राहिला. जमलं तर जागा हिची, नाही तर मशीनची.

तिने हाऊसची तबकडी लावली, आणि घाबरून तबकडीच्या वेगाचं बटण मिनिटाला तेहेतीस फेऱ्यांऐवजी पंचेचाळीसवर दाबलं. गाणारी बाई चिमणीसारखी किंचाळायला लागली. एक काका कठड्यावर जाऊन आदळले. ढमढम उठायला गेला, पण कंबरेने साथ दिली नाही. तोवर बूटवालीने ओठांतल्या ओठांत मोजलं होतं. सव्वाशेचे ठोके आता एकशे अडुसष्टने पळत होते. तिने दुसऱ्या टर्नटेबलावर ड्रम अँड बेस सोडलं, ठोक्यावर ठोका बसवला आणि चिमणीला अलगद बाहेर काढलं. कुठे सांधा दिसला नाही. तरुण मंडळींनी शिट्ट्यांनी हॉल डोक्यावर घेतला.

मालकाने खोक्यात डोकं घातलं. “हे मुद्दाम केलं?”

“हो तर,” ढमढमने ठोकून दिलं.

“मशीनला जमेल?”

“छे.”

“मग उद्यापासून हीच बसू दे. आणि तू घरी जाऊन झोप रे बाबा. चेहरा बघ आरशात.”

गुरुवारच्या त्या खोलीत दुसरं काही नव्हतं. तो दमला होता, वाकून वाकून तिची पाठ गेली होती, आणि दार लावलेलं असायचं ते पलीकडे मालकाचं ऑफिस होतं, तिथवर आवाज जाऊ नये म्हणून.